दुसरा शब्द

बाबांकडे शब्द फार, असं मला लहानपणी वाटायचं.
पाव मागायचा तर म्हणायचे, 'भट्टीतलं ते,
वाफ जिरली नसेल असं.'
वाइनला 'गेल्या सालचं ऊन'.
रविवारला 'घंटांचा वार'.
पाहुणे म्हणत, बेझान कुंभार कवीच आहे.
कुणाला ठाऊक, की एक साधा शब्द
वाट अडवून बसलेला असे
आणि बाबा बांधावरून वळसा घालून येत.

गाव म्हणे, लहानपणी कुत्रं अंगावर आलं होतं.
बाबा म्हणत, कुत्रं नंतर आलं.

स्वतःच्या नावाला मात्र वळसा नसतो.
फोनवर कुणी विचारलं, कोण बोलतंय,
तर 'ब'वर मिटलेले ओठ मिटलेलेच.
मग म्हणायचे, 'कुंभार.'

कुताईसीहून येणारी मिनीबस
'थांबवा' म्हटल्याशिवाय थांबत नाही.
बाबा दुसरं कुणी उतरेल तिथे उतरायचे
आणि कोसभर मागे चालत यायचे,
खांद्यावर पिठाचं पोतं.
आई विचारायची, झोप लागली होती का?
ते मान हलवायचे.
मान अडखळत नाही.

क्वेव्री म्हणजे माणूस आत उभा राहील एवढा रांजण,
गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचा, आत वाइन मुरायची.
तो चाकावर होत नाही. मातीच्या वळ्या करून
दिवसाला वीतभर चढवायचा
आणि थांबायचं,
खालची वळी वरचीचं ओझं पेलेल इतकी सुकेपर्यंत.
एकदा मी घाई केली. पोट खचलं.
बाबा रागावले नाहीत. बोट लावून दाखवलं फक्त:
इथे. इथे अजून ओल होती.

त्यांचे शब्दही मी असेच घाईने लावायचे.
बाजारात, दवाखान्यात,
पहिलं अक्षर कानावर पडलं की उरलेलं माझं.
लोक बाबांना प्रश्न विचारून
माझ्या तोंडाकडे बघायला लागले.
मला ते प्रेम वाटायचं. थोडं होतंही.

एलिसोच्या लग्नात तमादाने,
म्हणजे मेजवानीच्या म्होरक्याने,
प्याल्याची पाळी बाबांकडे दिली.
ते उठले. 'हा प्याला द... द...'
मी लगेच, 'देदा!'
आमच्यात आईला देदा म्हणतात.
तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.
खुर्च्या सरकल्या. पुरुष उभे राहिले,
मेलेल्यांसाठी राहतात तसे.
मावशीचा रुमाल डोळ्यांना लागला.
किती सोपं होतं. फक्त मान हलवायची.

बाबांनी हलवली. आडवी.

'द...'
जबडा एका बाजूला ओढलेला, डोळे गच्च,
गळ्याची शीर दोरीसारखी.
हे मी पहिल्यांदाच पाहत होते.
नेहमी तोवर माझं बोलून झालेलं असायचं.
शब्द विसरलेला नसतो.
भाजून तयार असतो आत, काना-मात्रेसकट अखंड,
आणि भट्टीचं तोंड विटांनी चिणलेलं.
एक वीट. मग आणखी एक.
वाइन मनगटावरून बाहीत उतरत होती.
कुणीतरी खोकलं. तमादा तोंड उघडणार,
तेवढ्यात मी त्याच्या बुटावर टाच ठेवली.

'द... दो... दोमेन्ती.'

टेबलाच्या पार टोकाला दोमेन्ती,
अक्रोडाच्या एका झाडावरून
सात वर्षं अबोला धरलेला,
लग्नाला आला तो लोकलाजेस्तव.
त्याच्या नावालाही बाबांकडे दुसरा शब्द होता.
'पलीकडचा'.
सात वर्षं तोच चालवला.

दोमेन्तीच्या हातात पावाचा तुकडा तसाच.
बराच वेळ.
मग म्हणाला, 'बोल, बेझान. रात्र मोठी आहे.'

बाबांनी पुढचा शब्द घेतला.
तो 'क'वर अडला.
आमच्या भाषेत अक्रोडाचं झाड 'क'पासून सुरू होतं.
पण 'क'पासून बरंच काही सुरू होतं.
मी गप्प बसले.